राउटरला हळदकुंकू

घराजवळच्या ओव्हलवर, म्हणजे खेळाच्या मैदानावर, मोठा पडदा लागणार आणि इंडियाची मॅच तिथे बसून बघता येणार, ही बातमी आली तेव्हा इकडे परदेशात आमच्या टार्निट उपनगरात दोन प्रकारची माणसं झाली. पहिल्या प्रकारच्या माणसांना निळा शर्ट कुठून मागवायचा याची चिंता होती. दुसऱ्या प्रकारात मी एकटीच होते. मला ओव्हलला लागून असलेल्या दुकानांच्या मागच्या दारांची चिंता होती.

हा माझा स्वभाव आहे आणि नोकरीही तीच आहे. शहरातल्या एका विमा कंपनीत मी नुकसानीचे दावे तपासते. इतकी वर्षं ते वाचून माझं एक मत झालंय की चोर फारसा हुशार नसतो. दार उघडं असतं, एवढंच. त्यामुळे सामन्याआधी छोट्या दुकानांची सुरक्षा बघायला इथल्या कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, स्वयंसेवक हवे होते, तेव्हा मी लगेच हात वर केला.

"किती दुकानं दिली?" नवऱ्याने घरी आल्यावर विचारलं.

"सहा."

"सहा दुकानं की सहा राज्यं? चेहरा तर गृहमंत्र्यासारखा झालाय."

मी लक्ष दिलं नाही. पुढच्या शनिवारी एक टॉर्च आणि टेप घेऊन निघाले. ऑक्टोबरचा वारा इतका होता की नव्या वसाहतीतले कचऱ्याचे डबे रस्त्यावर आडवे पडले होते.

आमची ती दुकानांची ओळ लहान आहे. एका टोकाला पंजाबी भाईसाहेबांचं किराणा दुकान, दुसऱ्या टोकाला कोल्हापूरच्या वहिनींचं मिसळ-वडापावचं, आणि मध्ये शिंपी, मोबाइलवाला, केस कापणारी आणि मिठाईवाला. सहापैकी चौघांचा पासवर्ड म्हणजे दुकानाचाच फोन नंबर होता. तो बाहेरच्या पाटीवर हातभर आकड्यांत लिहिलेला. दोन-तृतीयांश दुकानं कुलूप लावून किल्ली पाटीवर टांगत होती. मी हे भाईसाहेबांना सांगितलं तर ते खो-खो हसले.

"बहनजी, चोर भी तो कस्टमर है. नंबर याद रखेगा तो फोन करेगा!"

पण त्यांनी त्याच दिवशी पासवर्ड बदलला, आणि मागच्या दाराचं मोडकं कुलूपही. हसून काम करणारी माणसं मला बरी वाटतात.

माझा सगळ्यात जास्त वेळ वहिनींकडे गेला, आणि त्याला कारण होतं. पडद्याच्या शेजारी खाण्याचे मोजके स्टॉल लागणार होते. आमच्या ओळीतून एकाच दुकानाची निवड झाली होती, ती वहिनींची. डँडेनॉन्गच्या एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातली पक्की नोकरी सोडून त्यांनी हे दुकान काढलं होतं. मिसळ चांगली, पण येणारी माणसं सगळी आपलीच, तीच ती. गल्लीबाहेरच्या कोणाला हे दुकान माहीत होण्याची ही पहिली संधी होती, आणि त्या एका दुपारसाठी वहिनी महिनाभर नीट झोपल्या नव्हत्या. त्या नाकारल्या गेल्या असत्या तर त्या जागेवर यायला बर्गरची एक गाडी तयारच होती.

आयोजकांच्या अटी दोन होत्या. दुकानाची सुरक्षा ठीक आहे असं स्वयंसेवकाने लिहून द्यायचं. आणि सामन्याआधी किल्ली किंवा पासवर्ड दुसऱ्या कोणाच्या हाती पडला तर त्याच दिवशी कळवायचं. लोक आधीच ऑर्डर देणार, पैसे भरणार. दुकानाच्या खात्यात कोणी शिरलं तर ते पैसे भलतीकडे वळवू शकतं. कुठल्याशा दुसऱ्या कार्यक्रमात तसं झालं होतं म्हणे.

वहिनींचा मुख्य दोष एकच होता. त्या कोणाला नाही म्हणत नसत. त्यातून समोरचा "मी कोल्हापूरचा" म्हणाला की संपलंच.

"वहिनी, तो माणूस आत कुठे गेला?" पहिल्याच दिवशी मी विचारलं. एक अनोळखी तरुण काउंटरच्या मागून स्वयंपाकघरात निघून गेला होता.

"चहा करून घ्यायलाय."

"कोण आहे?"

"काय की ओ. आपल्या कोल्हापूरच्या कळंब्याचा आहे म्हणला."

"आणि भिंतीवर हा वायफायचा पासवर्ड कशाला?"

"सारखं सारखं कोण सांगत बसणार ताई? लिहून टाकला की झालं."

मी एक खुर्ची ओढली आणि सुरुवात केली. काउंटरच्या आत फक्त दुकानातली माणसं. मागचं दार बंद. गिऱ्हाइकांना वायफाय नाही. भिंतीवरचा कागद मी स्वतः फाडला. वहिनींचे यजमान शेजारच्या ट्रुगानिनाच्या गोदामातली शिफ्ट संपवून आले होते. ते दारात उभे राहून म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात. मी सांगितलं तर मला कांदे चिरायला बसवते."

दुकानाची उपकरणं कोणती, हे मी विचारलं आणि वहिनींनी एकेक दाखवलं. ऑर्डर घ्यायचा टॅबलेट, कार्डाचं मशीन, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, राउटर, आणि त्यांचा स्वतःचा फोन. पाच. प्रत्येकाचा पासवर्ड बदलायचा होता.

"लांब ठेवायचा," मी म्हटलं. "एखादं वाक्यच घ्या. दुसऱ्या कोणाला सुचणार नाही आणि तुम्ही विसरणार नाही असं."

वहिनींनी क्षणभरही विचार केला नाही. मिसळीच्या तिखट रश्शाला त्यांच्याकडे कट म्हणतात. टॅबलेटमधल्या ऑर्डरच्या खात्यासाठी इंग्रजी अक्षरांत त्यांनी टाइप केलं, 'सासूबाई म्हणतात कट पातळ झालाय'. शेवटी लग्नाचं साल.

त्यांचे यजमान वाकून बघत होते. "आई असं म्हणते?"

"तुम्ही गप्प बसा. ताईंनी सांगितलंय, दुसऱ्याला सुचायला नको."

पासवर्ड म्हणून तो उत्तम होता. मी सही केली. सही करताना मला जरा अभिमानही वाटला, हे कबूल करते. सहाही दुकानं पुरी झाली होती, एकही शेरा नव्हता.

सामना रविवारी होता आणि त्याच आठवड्यात दसरा आला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वहिनींनी मला दुकान उघडायच्या आधी बोलावलं. ज्यांच्यावर पोट चालतं त्या वस्तूंची त्या दिवशी पूजा. पुण्याला माझे वडील टाइपरायटर पुसून मांडायचे. इथे आल्यापासून मी आमच्या कारला कुंकू लावते आणि काम झालं म्हणते. वहिनींनी मात्र अख्खं दुकान काउंटरवर मांडलं होतं. मोठी कढई, झारे, सोऱ्या, कांद्याची सुरी, मिक्सर. त्यांच्या पुढे ओळीने टॅबलेट, कार्डाचं मशीन, रेकॉर्डर, वहिनींचा फोन. राउटरची वायर पोहोचेना म्हणून यजमानांनी एक्स्टेंशन आणलं होतं. तो उघड्या डोळ्यांनी लुकलुकत बसला होता आणि त्याच्या कपाळी ठसठशीत कुंकू. आपट्याची पानं कुठून आणणार, म्हणून सोनेरी कागदाची कापली होती. झेंडू मात्र भाईसाहेबांच्या परसातला खरा होता. ते स्वतः घेऊन आले, चप्पल दाराबाहेर काढून हात जोडून उभे राहिले आणि आरती झाल्यावर म्हणाले, "भाभीजी, मेरा फ्रीजर भी बिठा लेते. सबसे ज़्यादा मेहनत वही करता है."

यजमानांनी फोटो काढला. सगळी उपकरणं पुढे, आम्ही मागे. वहिनींनी तो दुकानाच्या पेजवर टाकला, मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, कोल्हापूरला पाठवला. मीही ट्रेनमध्ये बसून त्याला अंगठा दिला. फोटोत माझी निळी साडी फारच छान दिसत होती.

दसऱ्याच्या दिवशी मी सोनं द्यायला दुकानात गेले तर वहिनींनी फोन हातभर लांब धरला होता. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या सासूबाई. कोल्हापुरात नुकतंच जेवण आटोपलेलं दिसत होतं.

"अगं, मी कधी म्हणले कट पातळ झालाय?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या.

"सांग की. सगळ्या जगाला लिहून दाखवलंयस ते. तुझ्या त्या पाटीवजा मशीनला पट्टी चिकटवलीय, त्यावर लिहिलंय. मी मोठं करून बघितलं. नातवाकडून शिकलेय मी मोठं करायला. आणि शेजारच्या काकूंनी पण वाचलं. त्या म्हणल्या, खरंच पातळ करते का हो तुमची सून?"

मी माझ्या फोनवर फोटो उघडला आणि दोन बोटांनी ताणला. निळी साडी बाजूला गेली. टॅबलेटच्या कडेला कागदी चिकटपट्टी, आणि तिच्यावर मार्करने, सुवाच्य अक्षरात, सासूबाईंपासून लग्नाच्या सालापर्यंत सगळं. अक्षराला धक्का लागू नये म्हणून कुंकूसुद्धा जरा वर लावलेलं होतं.

"वहिनी, हे काय?"

"काउंटरवर मदतीला येणारी पोरगी विसरत होती ओ ताई. तुम्हीच म्हणलात, भिंतीवर लावू नका. म्हणून मी मशीनवर लावला."

सासूबाई फोनमधून हे सगळं ऐकत होत्या. "काय झालं? कोण वारलं?"

"कोणी नाही आई. नंतर करते." वहिनींनी फोन ठेवला, मागे वळल्या आणि पेजवरचा फोटो काढून टाकला. पण ग्रुपवर तो होताच, आणि ग्रुपमधून कुठे कुठे गेला असेल ते मोजायला मलाही जमलं नसतं. आम्ही दोघींनी तिथेच बसून सगळे पासवर्ड बदलले. या वेळी सासूबाईंना त्यात घेतलं नाही.

मग वहिनींनी दार लोटलं आणि हळू आवाजात विचारलं, "आता झालं ना ताई?"

"बदललं. पण कळवायला हवं."

"कशाला? बदललाय की. कोण घुसलं नाही, काय गेलं नाही."

"दुसऱ्याच्या हाती पडला तर कळवायचं, असं लिहिलंय. तो शेजारच्या काकूंच्या हाती पडला."

"काकू कोल्हापुरात मिसळ खाऊन झोपल्या असतील! त्या काय इथं येऊन माझे पैसे वळवतात?" मग त्यांचा आवाज उतरला. "कळवलं तर स्टॉल गेला, ताई. बर्गरवाला टपूनच बसलाय. आणि कळवलं नाही तर कुणालाच कळत नाही. खरं का नाही?"

खरं होतं. तरी मी त्यांना म्हटलं की फोन त्यांनीच करायचा. त्यांनी केला नाही तर रात्री मी माझी सही परत घेईन, कारण सुरक्षा ठीक आहे असं मी लिहून दिलंय आणि आता मला ते तसं वाटत नाही. हे बोलताना मला अजिबात चांगलं वाटत नव्हतं. समोर ताटात त्यांनी माझ्यासाठी श्रीखंड-पुरी काढून ठेवली होती.

वहिनी सोनेरी कागदाचं एक पान हातात घेऊन ते चुरगाळत राहिल्या. मग यजमानांना हाक मारली.

"अहो, स्टॉलसाठी कढई किती किलोची आणलीय आपण?"

"मोठी आणलीय. का?"

"काय नाही. घरी पण वापरता येईल." आणि मला म्हणाल्या, "लावा नंबर. इंग्रजी अडलं तर तुम्ही बोला."

अडलं नाही. आयोजकांच्या सुरक्षा अधिकारी बाई एवढंच म्हणाल्या की दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन बघते, तोवर काही सांगता येत नाही.

त्या आल्या. उंच, करड्या केसांच्या, पूर्वी पोलिसात असलेल्या. मी आधीच तिथे पोहोचले होते. वहिनींनी "या, आत या" म्हणत काउंटरची फळी उचलली, आणि मी खाकरल्यावर परत खाली ठेवली. बाई हे बघत होत्या. त्यांनी आधी ओळखपत्र दाखवलं, मग फळी उचलली गेली.

त्यांनी फोटो मागितला. वहिनींनी दिला. तो मोठा करून बघत त्यांनी विचारलं, "या वस्तूंना लाल ठिपके का आहेत?"

वहिनींचं इंग्रजी त्या दिवशी सुरेख चाललं. त्या म्हणाल्या, "या आम्हाला जेवायला घालतात. वर्षातून एक दिवस त्यांना सुट्टी. आम्ही त्यांना थँक्यू म्हणतो."

"सगळ्यांना?"

"जे जे काम करतं त्या सगळ्यांना. एक जरी विसरलं तर ते रुसतं."

बाईंनी मान हलवली आणि माझ्याकडे हात केला. मी माझा कागद दिला. त्या एकदा कागद, एकदा फोटो बघू लागल्या. "तुमच्याकडे पाच आहेत," त्या मला म्हणाल्या. "यात सहा दिसतात."

मला हसू आलं. आकड्यात माझी चूक? मी फोटो घेतला. टॅबलेट, कार्डाचं मशीन, रेकॉर्डर, राउटर, वहिनींचा फोन. आणि सोऱ्याच्या मागे, झेंडूत अर्धा बुडालेला, काच तडकलेला एक जुना फोन.

"तो होय?" वहिनी म्हणाल्या. "तो गाण्यांचा फोन ओ ताई. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर असतो. तो कुठं दुकानाचा? पण सकाळपासून रात्रीपर्यंत गातोय बिचारा, त्याला वगळून कसं चालंल?"

बाईंनी तो आणायला सांगितला. पिठाने पांढरा झालेला तो फोन वहिनींनी पदराने पुसून दिला. त्याला कुलूप नव्हतंच. बोट लावलं की उघडला. आणि दुकानाचं ऑर्डरचं खातं त्यात जसंच्या तसं चालू होतं, कारण दुकान काढलं तेव्हा टॅबलेट यायच्या आधी सगळ्या ऑर्डरी त्यावरच घेतल्या जायच्या. तो त्या कळंब्याच्या चहावाल्याच्या अगदी हाताशी होता. आम्ही पासवर्ड कितीही वेळा बदलला असता तरी त्या खात्यातून बाहेर पडायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी विचारलं होतं, दुकानाची उपकरणं कोणती. त्या प्रश्नाचं उत्तर पाचच होतं. खंडेनवमी मालकी विचारत नाही, काम विचारते. प्रश्न तिचा जास्त चांगला होता.

बाईंनी स्वतः बसून त्या फोनमधलं खातं बंद केलं, त्याला कुलूप लावलं आणि फोन वहिनींना परत दिला. मग फोटो पुन्हा एकदा बघत म्हणाल्या की या महिन्यात त्या पुष्कळ दुकानांत गेल्या. प्रत्येक जण म्हणतो, एवढंच सामान आहे, आणि मग कुठल्यातरी कपाटातून आणखी एक निघतंच. वापरातलं सगळं एका काउंटरवर मांडलेलं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं.

"आणि स्टॉल?" वहिनींनी विचारलं.

"ज्यांनी स्वतः फोन केला त्यांना मी कशाला काढू? फोटो मात्र पुढच्या वर्षी मागच्या बाजूने काढा."

वहिनींनी लगेच मिसळ वाढायला घेतली. बाईंनी पहिला घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पाणी मागितलं.

"आईला सांगते," वहिनी माझ्या कानात म्हणाल्या. "कट पातळ नाही झाला."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट ओळीभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाईसाहेबांचा मला फोन. "बहनजी, हमारी भी वो पूजा करवा दो. फ्रीजर को छोड़के, वो हिलता नहीं." मी गेले तर त्यांनी गल्ल्याशेजारी चार फोन, दोन जुने टॅबलेट आणि एक कोणाचा म्हणून आठवत नाही असा लॅपटॉप मांडला होता. पहिल्या भेटीत त्यांनी मला तीनच दाखवले होते. सहाही दुकानांत पुन्हा मोजणी झाली. कुठलाच आकडा माझ्या कागदाशी जुळला नाही. मी घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "गृहमंत्री, राजीनामा देताय की कसं?"

रविवारी दुपारी वारा पडला होता. ओव्हल निळा झाला होता. पडद्यापुढे गवतावर माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, आणि वहिनींच्या स्टॉलसमोरची रांग बर्गरच्या गाडीला वळसा घालून गेली होती. त्या गाडीलाही कुठेतरी कोपऱ्यात जागा मिळाली होती. रांगेत आपली माणसं होती आणि आपली नसलेलीही. एक लाल तोंडाचा गोरा माणूस दुसऱ्यांदा रांगेत लागून सगळ्यांना सांगत होता, "मेट, इट्स ब्रिलियंट, बट गेट टू वॉटर्स." वहिनींचे यजमान वडे तळत होते. मी मागच्या बाजूला गल्ल्याच्या चावीसकट बसले होते, म्हणजे मला सामन्यातलं फक्त ओरडणं कळत होतं.

तेवढ्यात रांगेतला एक तरुण काउंटरवर वाकला. पाठीवर बॅग, हातात फोन.

"मावशी, नेट चालत नाहीये इथे. तुमचा वायफायचा पासवर्ड द्या ना. स्टेडियममध्ये मित्र आहे, त्याला फोटो पाठवायचाय."

"नाही ओ. गिऱ्हाइकांना नाही देत."

"अहो मावशी, मी कोल्हापूरचा. रंकाळ्याजवळचा."

वहिनींचा हात थांबला. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी मुद्दामच गल्ल्यात डोकं घातलं.

"रंकाळ्याजवळ कुठं?"

"साकोली कॉर्नर."

"अरे देवा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी त्याच्या ताटलीत एक पाव जास्तीचा ठेवला. मग त्याच्याकडे बघून आणखी एक वडा ठेवला. मग शेवेची मूठ.

"हे घे बाळा, पोटभर खा. पैसे वड्याचेच दे, पावाचे नको. पासवर्ड नाही."

आणि त्याच्या मागच्याला विचारलं, "हॅलो मेट, हाऊ स्पायसी?"